किती जीबी, हे नंतर बघू

या वेळच्या पत्रांत विषय एकच आहे: कॉम्प्युटर जुना झालाय, रखडत चालतो, नवा घ्यायचा नाही, हार्ड डिस्क बदलायची आहे. आणि जवळपास प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न तोच, "अक्का, किती जीबीची घेऊ?" अशोक चौकातल्या माझ्या दुकानातही गिऱ्हाईक हेच विचारत आत येतं, कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये. जीबीचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी मशीन कधीचं आहे, त्याला कुठली डिस्क लागते आणि आतली डिस्क धड आहे की शेवटच्या घटका मोजतेय, हे बघायचं. पत्रं एकेक घेते.

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

*घरचा डेस्कटॉप २०१२ सालचा आहे. प्रोसेसर आय-थ्री, रॅम चार जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबी. बटण दाबून मी अंघोळ उरकून येतो, तेव्हा कुठे विंडोज दिसतं. नातवंडांचे फोटो आणि सौभाग्यवतींच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज त्यात आहेत. दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, डिस्क भरलीय, दोन टीबीची टाका, पळायला लागेल." टाकू का?*

सर, डिस्क जरूर बदला, पण दोन टीबीची फिरती डिस्क टाकून तुमचं दुखणं जाणार नाही. तुम्हाला जागा कमी पडत नाहीये, वेग कमी पडतोय.

हार्ड डिस्कच्या आत तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात. ऐकायला भन्नाट वाटतं, पण हिशोब मांडा. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय हेड आत-बाहेर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद वेगळे. म्हणजे एका ठिकाणचं वाचायला बारा-तेरा मिलिसेकंद गेले, आणि सेकंदाला फार तर ऐंशीएक ठिकाणं झाली. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली वाचतं आणि त्या तबकडीवर इथे-तिथे पसरलेल्या असतात. गड्ड्याच्या यात्रेत एकाच माणसाला शंभर दुकानांतून एकेक वस्तू आणायला पाठवल्यावर जे होईल, ते तुमच्या मशीनमध्ये रोज सकाळी होतंय. दोन टीबीची डिस्क घेतली तरी माणूस तोच राहतो, फक्त त्याच्या हातातली पिशवी मोठी होते.

एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. साधी, स्वस्तातली एसएसडीसुद्धा अशा बारक्या फाइली सेकंदाला हजारोंनी वाचते. म्हणून जुन्या मशीनला एसएसडी लावली की तेच मशीन आहे यावर माणसाचा विश्वास बसत नाही. फिरती डिस्क टाकाऊ मात्र नाही. सलग मोठी फाइल असेल, एखादं तासाभराचं भजन असेल, तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबीने आरामात वाचते. साठवणीला ती अजूनही चांगलीच.

पण खरेदीला निघण्याआधी आतल्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका. निळ्या चौकोनात "गुड" लिहिलेलं दिसलं म्हणून तिथेच थांबू नका, खालची यादी वाचा. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली दिलेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता येत नसलेल्या, निकाल लागायचा बाकी असलेल्या जागा. सी६ म्हणजे तपासणीतही हाती न लागलेल्या. या तिन्हींपुढे शून्य हवं. आकड्यांत मध्येच ए, बी, सी अशी अक्षरं दिसली तर घाबरू नका, ते सोळाच्या पद्धतीत लिहिलेले असतात. फंक्शन मेनूत जाऊन आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत करून घेता येतात. सी५ मध्ये आकडा असेल आणि आठवड्याने तो वाढलेला दिसला, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फोटो आणि भजनं दुसरीकडे उतरवा. सी७ पुढेच आकडा असेल आणि बाकी तिन्ही शून्य असतील, तर बहुधा दोष डिस्कचा नसतो, डेटा केबलचा असतो. तो आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. चांगली डिस्क केबलपायी भंगारात गेलेली मी पुष्कळ पाहिली आहे.

आता काय बसेल ते. त्या सुमाराच्या आय-थ्री मशीनमध्ये आपल्याकडे एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड सर्रास असायचा. त्याला साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची केबल लावायच्या खाचा, असतात, पण दुसऱ्या पिढीचे, सेकंदाला तीन गिगाबिटवाले. आजची साटा एसएसडी सहा गिगाबिटची असते, पण ती जुन्या पोर्टवर बिनतक्रार चालते. खोक्यावर ५५० एमबी लिहिलेलं असेल, तुम्हाला सेकंदाला २७०-२८० मिळेल. त्याची खंत करू नका. तुमचा फायदा सलग वेगात नाही, बारक्या फाइलींत आहे, आणि तो जवळपास पुरा मिळतो. दुकानदार एनव्हीएमई, म्हणजे आणखी वेगवान जातीची एसएसडी, दाखवेल, ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, "हीच लेटेस्ट" म्हणेल. तुमच्या बोर्डावर तिची खाच नाही. कार्ड लावून बसवली तरी इतक्या जुन्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामला, तिच्यावरून मशीन सुरू करता येत नाही. तुम्हाला अडीच इंची साटा एसएसडीच हवी.

आता जीबी. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून किती वापरलंय ते बघा. विंडोज, ऑफिस, मराठी टायपिंग एवढंच असेल तर २५६ पुरते. थोडे पैसे जास्त जात असतील तर ५०० घ्या, कारण एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते. ५०० ची घेतली आणि विंडोजने ४६५ दाखवली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराने भागते, विंडोज १०२४ ने, एवढाच तो फरक. जुनी ५०० ची डिस्क तपासणीत चांगली निघाली तर तिलाच डी ड्राइव्ह करून फोटो-भजनांना ठेवा. दोन टीबीचे पैसे वाचले.

बसवताना दोन गोष्टी दुकानदाराकडून मागून घ्या, कारण एसएसडीच्या खोक्यात त्या बहुतेक नसतात: साटा डेटा केबल आणि अडीच इंचाचं साडेतीन इंचाच्या जागेत बसवायचं ब्रॅकेट. ब्रॅकेट नाही मिळालं तर एका बाजूने दोन स्क्रू पुरे, तिच्यात थरथरणारं काही नाही. विंडोज नव्याने टाकणार असाल तर आधी बायोसमध्ये साटाचा मोड आयडीई (जुनी पद्धत) आहे की एएचसीआय (नवी) ते बघा, आणि एएचसीआय करून मगच टाका. विंडोज टाकून झाल्यावर बदलायला गेलात तर निळा पडदा ठरलेला.

एक अप्रिय गोष्टही सांगते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला रीतसर चालत नाही. त्याला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. दुकानात काही जण वळसा घालून ११ टाकून देतात, मी देत नाही. फोटो, भजनं, यूट्यूब एवढाच वापर असेल तर लिनक्स मिंट टाका, मराठी टायपिंग त्यातही होतं. पेन्शनचं बँकेचं काम या मशीनवर करू नका. आणि रॅम चारची आठ करा. डीडीआर-थ्री जुन्या बाजारात अजून मिळते, आणि एसएसडीच्या जोडीला तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा नाही.

चादर-टॉवेल कारखान्याचे मालक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

*आमच्या जॅकार्डच्या डिझाइनचा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर आहे. डिस्क ४० जीबीची, रुंद पट्टीच्या केबलची. प्रिंटरच्या पोर्टला सॉफ्टवेअरचं कुलूप लावलंय. सीडी हरवली, ज्यांनी सॉफ्टवेअर दिलं त्यांचा धंदा बंद झाला. चार दिवसांपासून डिस्कमधून कट-कट आवाज येतोय. पोरगा म्हणतो, नवी डिस्क टाकून एक्सपी पुन्हा टाकू.*

मालक, पोराला आधी थांबवा. आणि हे वाचत असताना ते मशीन चालू असेल तर बंद करा. कट-कट आवाज म्हणजे हेडला जागा सापडत नाहीये, ते परत परत मागे जाऊन शोधतंय. असं प्रत्येक मिनिट चालवणं म्हणजे उरलेल्या डिझाइन पणाला लावणं.

एक्सपी पुन्हा टाकता येईल हो, पण ते सॉफ्टवेअर कुठून आणणार? तुमच्या डिस्कची किंमत ४० जीबी नाही, तिच्यावर बसवलेली ती एक प्रत आहे. म्हणून इथे नवीन इन्स्टॉलेशन नाही, क्लोन. डिस्क काढायची, दुसऱ्या धडधाकट मशीनला लावायची, आणि लिनक्सवरून डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम चालवून पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत अख्खी नक्कल एका फाइलमध्ये उतरवायची. डीडीरेस्क्यूची खुबी अशी की ते आधी चांगल्या जागा पटापट वाचून घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि त्यांच्या मागे नंतर लागतं. साधा कॉपी-पेस्ट पहिल्याच खराब जागेवर घुटमळत बसतो आणि तेवढ्यात डिस्क राम म्हणते. आवाज फार वाढला असेल तर हा प्रयोगही करू नका, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. डिस्क उघडून बघतो म्हणणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका. डिस्क उघडायला धूळ नसलेली बंद खोली लागते. आपल्याकडे कारखान्याच्या हवेत सुताची लव तरंगत असते.

नक्कल हाती आली की नवी डिस्क. रुंद पट्टीची, ४० पिनांची, म्हणजे आयडीई. नवी आयडीई डिस्क आता बाजारात नाही, आणि कुणी "नवी आहे" म्हणून देत असेल तर ती कुठून तरी काढलेली आहे. १२० जीबीची साटा एसएसडी घ्या आणि आयडीई-टू-साटा कन्व्हर्टर. १२० च का? जुन्या बायोसला आणि पहिल्या सर्व्हिस पॅकच्या आधीच्या एक्सपीला १३७ जीबीच्या पुढचं दिसतच नाही. १२० घेतली की हा प्रश्नच येत नाही. तिच्यावर ४० जीबीची नक्कल उतरवा आणि उरलेली जागा तशीच मोकळी सोडा, पार्टिशन करू नका. एक्सपीला ट्रिम कळत नाही, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली हे ते एसएसडीला सांगत नाही. मोकळी सोडलेली जागा तिला आतल्या आत आवराआवर करायला कामी येते. कन्व्हर्टरवर मास्टर-स्लेव्ह ठरवणारा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) असतो, तो मास्टरवर हवा. कॅमेऱ्यांतलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डही साध्या ॲडॅप्टरने आयडीईला लागतं, त्याची भाषाच आयडीईची आहे. पण साधं कार्ड विंडोजला काढ-घालीचं दिसतं आणि मग एक्सपी कुरकुर करतं. तुम्ही एसएसडीच घ्या.

जुन्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, साटाची पॉवर पिन नसेल तर चार पिनांच्या मोलेक्सवरून जोडणी करावी लागेल. ती घेताना पिनेचं टोक नीट बघा. वायर एकाच प्लास्टिकच्या गोळ्यात ओतून बसवलेली स्वस्त जोडणी घेऊ नका, ती आत शॉर्ट होऊन वितळते. वायर वेगवेगळ्या खाचांत दाबून बसवलेली दिसते, ती घ्या.

आता कुलूप. प्रिंटर पोर्टवरचं कुलूप डिस्क बदलल्याने बिघडत नाही. पण काही सॉफ्टवेअर शिवाय डिस्कचा नंबरही तपासतं. विंडोजने फॉरमॅटच्या वेळी दिलेला नंबर तपासत असेल तर तो क्लोनमध्ये आपसूक येतो. कंपनीने डिस्कमध्ये घातलेला सीरियल नंबर तपासत असेल तर तो येत नाही. म्हणून सगळं चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क फेकू नका. आणि नक्कलेची फाइल दोन जागी ठेवा, एक कारखान्यात, एक घरी. त्या मशीनला इंटरनेटची वायर लावायची नाही, डिझाइन पेनड्राइव्हनेच न्यायची.

सुताच्या लवेचा उल्लेख आलाच आहे तर, महिन्यातून एकदा एसएमपीएस आणि पंख्यावर ब्लोअर मारा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यात पंखा लवेने भरलेला. अशाने डिस्क आतून भाजते. बहुतेक फिरत्या डिस्कना कंपनी साठ अंशांपर्यंतची मर्यादा देते, आणि कोंदट कपाटात ठेवलेल्या मशीनमध्ये ती गाठायला फार काही लागत नाही.

हिशोबनीस, नवी पेठ

*एका दुकानात एक टीबीची जांभळ्या लेबलची डिस्क अर्ध्याहून कमी भावात मिळतेय. खोकं नाही, पण "झिरो अवर, नवीच" म्हणतात. आमच्याकडे टॅलीचा डेटा आहे. घ्यावी का?*

जांभळ्या लेबलच्या डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवतात, दिवस-रात्र सलग लिहायला. कॉम्प्युटरला लावल्या तर चालतात, त्यात चूक काही नाही. माझी हरकत "खोकं नाही" या शब्दांना आहे. जुन्या कॅमेरा यंत्रणा बदलल्या की त्यातल्या डिस्क बाजारात येतात. किती तास चालल्या, हे डिस्कच स्वतःच्या नोंदीत ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोत ते दिसतं. पण ती नोंद शून्यावर आणून देणारेही आहेत. म्हणून शून्य तास दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे असतील, स्क्रूच्या भोकांभोवती चकचकीत गोल घासलेला असेल, तर ती कुठेतरी बसलेली होती. लेबलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घालून वॉरंटी कधी संपते ते बघा. नंबर सापडला नाही किंवा वॉरंटी संपलेली दिसली, तर दुकानदाराला नमस्कार करून खाली उतरा.

नवी फिरती डिस्क घ्यायचीच असेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात सीएमआर की एसएमआर ते पाहा. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे वेगवेगळे लिहितात, एसएमआरमध्ये एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, जागा वाचते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. बॅकअपला चालेल, रोजच्या टॅलीला सीएमआर बरी. खरं तर टॅलीचा डेटा फार मोठा नसतो, तुम्हाला एक टीबी कशाला हवीय? २५६ ची नवी, बिलावरची एसएसडी घ्या, आणि वाचलेल्या पैशात बॅकअपसाठी बाहेरून लावायची डिस्क. जीएसटी कायद्याचं कलम ३६ हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायला सांगतं. तुमच्या गिऱ्हाइकांची सहा वर्षं त्या बिनखोक्याच्या डिस्कवर ठेवणार का?

इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, होटगी रोड

*लॅपटॉप दादाचा जुना आहे. एसएसडी टाकायचीय, पण आतली एक टीबीची डिस्कही ठेवायचीय. डीव्हीडीच्या जागी बसते म्हणतात, खरं का?*

खरं आहे गं. कॅडी नावाची चौकट मिळते, डीव्हीडीचा ट्रे काढून तिथे. आधी जाडी मोज, ९.५ मिलिमीटर आणि १२.७ अशा दोन प्रकारच्या येतात, चुकीची घेतलीस तर बसायची नाही. एसएसडी मुख्य जागेत लाव आणि जुनी डिस्क कॅडीत, उलट नको. डीव्हीडीचा पोर्ट कधी कधी हळू असतो आणि काही लॅपटॉप तिथून सुरूच होत नाहीत. फिरती डिस्क कॅडीत असताना चालू लॅपटॉप उचलून वर्गा-वर्गांत हिंडू नकोस. एम.२ ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसायची, खाच आत असेल तर घाई करू नकोस, ती साटावाली की एनव्हीएमईवाली हे मॉडेल नंबरावरून बघ, दिसायला दोन्ही सारख्याच असतात.

गृहिणी, विजापूर रोड

*जुनी डिस्क भंगारात द्यावी का? आणि लग्नाचे फोटो नव्या एसएसडीत भरून कपाटात ठेवले तर चालेल का?*

भंगारवाल्याला देण्याआधी पुसा, ताई. क्विक फॉरमॅटने काही पुसलं जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना "क्विक"समोरची खूण काढा. मग ते अख्ख्या डिस्कवर शून्य लिहितं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. फिरत्या डिस्कला एकदा लिहिलेलं पुरे. डिस्क चालतच नसेल तर मागच्या बाजूने तबकडीच्या आरपार ड्रिल मारून द्या. आतली तबकडी काचेची असू शकते, डोळ्यांना चष्मा लावून.

एसएसडी कपाटात ठेवायची वस्तू नाही. तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते, आणि वर्षानुवर्षं वीज न मिळता उन्हाळ्याच्या खोलीत पडून राहिली, त्यातून ती भरपूर वापरलेली असली, की तो भार ओसरू शकतो. कपाटासाठी फिरती डिस्कच घ्या, बाहेरून यूएसबीला लागणारी, एक टीबी भरपूर झाली. दिवाळीच्या साफसफाईत ती काढून एकदा लावा, दोन-चार अल्बम उघडून बघा आणि पुन्हा ठेवून द्या. आणि दुसरी प्रत माहेरी.